माजघर

पिक्रिक अ‍ॅसिडचा पिवळा रंग साबणाने जात नाही. नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांत तो आठ-आठ दिवस ठाण मांडून बसतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयात ऊतिशास्त्र शिकवायला लागले त्या वर्षी वाड्यातल्या शेजारणी माझे हात बघून विचारायच्या, "कुणाची हळद लागली गं?" मी हसून वेळ मारून न्यायची. त्या दिवशी सकाळी मी बोकडाचं वृषण बॉइनच्या द्रावणात घातलेलं असायचं, पण ते सांगायचं कसं? खाटकाकडे त्याला कपुरा म्हणतात, पुस्तकात वृषण म्हणतात. एक शब्द बाईने उच्चारायचा नाही आणि दुसरा कुणाला कळायचा नाही.

बाकी अवयव आम्ही फॉर्मलीनमध्ये ठेवायचो. वृषणाला ते मानवत नाही. आतल्या पेशी आक्रसतात, एकमेकींपासून सुटतात, आणि काचेवर जे दिसतं ते घर नसून घर सोडून गेलेल्यांचा पसारा वाटतो. म्हणून बॉइन. पिक्रिक अ‍ॅसिड, फॉर्मलीन आणि थोडं असेटिक अ‍ॅसिड एवढंच त्यात असतं. हे मिश्रण ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते पोल बॉइन फ्रान्सचे. त्यांच्याकडे पुढे पुन्हा यावंच लागेल.

ताजं वृषण हातात घेतलं तर आधी जाणवतो तो घट्टपणा. बाहेर चिवट पांढरं वेष्टन असतं, कलिंगडासारखं ताणलेलं. त्यावर पात्याने चीर दिली की आतला फिकट, पिवळसर गर चिरेतून आपणहून वर येतो, इतका तो आत दाबून भरलेला असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो गरच वाटतो, पण चिमट्याने एक कण धरून हलकेच ओढा. कण सुटत नाही, धागा येतो. ओढत राहिलं की येतच राहतो, केसासारखा बारीक, ओला, वळणावळणाचा. सुतरफेणीचं टोक धरून उलगडावं तसा. एकेका धाग्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास असते. माणसाच्या एका वृषणात असे साधारण अडीचशे कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात एक ते चार नलिका, आणि एकेक नलिका हातभर लांब. सगळ्या टोकाला टोक जोडल्या तर काहीशे मीटर भरतील. एवढा ऐवज मुठीत मावेल अशा जागेत गुंडाळलेला असतो.

हा धागा ओढून दाखवला तो डेल्फ्टच्या रेग्निएर द ग्राफ या डॉक्टराने. 1668 सालच्या पुस्तकात त्याने लिहिलं की वृषण म्हणजे गर नव्हे, अतिसूक्ष्म नलिकांचा गुंता आहे, आणि वीर्य तिथे तयार होतं. डॉरमाउस नावाच्या खारीसारख्या प्राण्यात त्याला हा गुंता सहज सोडवता आला. त्याच गावात लेवनहूक नावाचा कापडाचा व्यापारी भिंगं घासत बसायचा. 1673 मध्ये द ग्राफने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्याची ओळख करून दिली आणि त्याच वर्षी, जेमतेम बत्तिसाव्या वर्षी, तो गेला. पुढे चारच वर्षांनी, 1677 मध्ये, लेवनहूकला भिंगाखाली वळवळणारे शुक्राणू दिसले. एकाला घर दिसलं, दुसऱ्याला त्यातून बाहेर पडलेली लेकरं. गाव एकच, पण दोघांना यावर शेजारी बसून बोलायला वेळ मिळाला नाही, याची मला दरवर्षी हा पाठ घेताना हळहळ वाटायची.

स्लाइड करणं हे माझ्या आवडीचं काम. मेणात बसवलेला तुकडा मायक्रोटोमवर चढवायचा आणि चाक फिरवायचं. प्रत्येक फेऱ्याला पाच मायक्रॉनचा काप सुटतो, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. कापाला काप चिकटत मेणाची रिबीन तयार होते. ती इतकी हलकी असते की श्वास रोखून धरावा लागतो. ओल्या कुंचल्याने उचलून ती कोमट पाण्यावर सोडली की क्षणभर सुरकुतलेली राहते आणि मग, उन्हात टाकलेला पापड जसा वाकतो त्याच्या अगदी उलट, हळूहळू सपाट होत जाते. काचपट्टी पाण्यात तिरपी घालून ती अलगद उचलायची. नंतर मेण काढणं, रंग देणं. हिमॅटॉक्झिलिनने केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकी सगळं गुलाबी.

आणि मग डोळा लावायचा.

कापलेल्या नलिका गोल दिसतात, लांबट दिसतात, एकीला खेटून एक. नजर कडेवर ठेवायची. तिथे पायाच्या पडद्यावर ओळीने बसलेल्या गर्द केंद्रकांच्या पेशी आहेत. ही बी-पेशींची वस्ती. यातल्या काही तिथेच राहतात आणि आपल्यासारख्याच आणखी घडवतात, बियाण्याची कणगी रिकामी होऊ देत नाहीत. बाकीच्या आत निघतात. एक थर आत आलं की मोठ्या पेशी लागतात. त्यांच्या केंद्रकात गुणसूत्रांचे धागे सुटे सुटे दिसतात. आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र इथे शेजारी शेजारी येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यानंतर दोन विभाजनं, आणि गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. आणखी आत लहान, गोल, नवख्या पेशी. त्याही आत त्याच पेशी लांबट झालेल्या, डोकी गव्हाच्या दाण्यासारखी आणि शेपट्या मधल्या पोकळीकडे. कडेपासून मध्यापर्यंत नजरेला जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग ओलांडायचा असतो. पेशीला तेवढ्यासाठी माणसात 64 दिवस लागतात, वळूत 61, उंदरात 35.

हे दिवस कमी करता येत नाहीत. औषध द्या, संप्रेरक द्या, पेशी मरतील किंवा जगतील, पण घाई करणार नाहीत. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. घुशीएवढ्या मोठ्या उंदराच्या बी-पेशी छोट्या उंदराच्या वृषणात लावल्या. सांभाळणाऱ्या पेशी छोट्या उंदराच्या, वाढणाऱ्या मोठ्याच्या. घाई कुणाची चालली? कुणाचीच नाही. वाढणाऱ्यांनी आपल्या जातीचा जो वेळ असतो तोच घेतला, आणि सांभाळणाऱ्यांनी परक्या लेकरांच्या चालीने आपली चाल बदलली.

या सांभाळणाऱ्या पेशी पहिल्या दिवशी कुणालाच दिसत नाहीत. मुलं म्हणायची, "मॅडम, कुठंय?" मी सांगायची, गर्दीकडे बघू नका, गर्दीच्या मधल्या जागेकडे बघा. फिकट, त्रिकोणी केंद्रक, आत एक ठसठशीत ठिपका. पेशीची शीव मात्र आमच्या साध्या रंगात उमटत नाही. ती पायापासून पोकळीपर्यंत उभी असते आणि तिच्या अंगाला जागोजाग खळगे असतात. वाढणारी प्रत्येक पेशी त्यातल्या एखाद्या खळग्यात, तिच्या कुशीत असते. तिचा स्वतःचा आकार म्हणजे इतरांना दिल्यावर उरलेली जागा. एनरिको सेर्तोलीने 1865 मध्ये इटलीतल्या पाव्हिया इथे शिकत असताना या फांद्या फुटलेल्या पेशींचं वर्णन केलं. त्याचं वय तेव्हा तेवीस. पुस्तकं यांना पोषक पेशी म्हणतात. मी दाई म्हणते.

दाई काय काय करते? खाऊ घालते. वाढत्या पेशीला पायाकडून मध्याकडे सरकवत नेते. गोल पेशीचा शुक्राणू होताना अंगावरचं जादा मांस गळून पडतं, ते गिळून स्वच्छता करते. पोकळीत पाणी सोडते, म्हणजे अजून पोहता न येणारी लेकरं वाहत पुढे अधिवृषणात जातील आणि तिथे, माणसात सहा मीटरच्या, वळणांतून जाता जाता पोहायला शिकतील. पण सगळ्यांत मोठं काम दाराचं.

लहानपणीच्या आमच्या वाड्यात ओसरी होती आणि माजघर होतं. ओसरीवर कुणीही येई. माजघरात नाही. नलिकेतही तसंच आहे. शेजारशेजारच्या दाया कमरेच्या खाली एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात की मधून रक्तातला रेणूही सहजी जात नाही. त्या शिवणीच्या खाली ओसरी, वर माजघर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले तेव्हा बहुतेक अवयव रंगले, पण या नलिकांचा आतला भाग कोरा राहिला.

कारण असं. शरीराचं पहारेकरी दल आपलं कोण आणि परकं कोण हे जन्माच्या आगेमागे शिकून घेतं. गुणसूत्रं निम्मी झालेल्या या पेशी मात्र वयात आल्यावर प्रथमच जन्मतात. पहारेकऱ्याने त्यांना कधी पाहिलेलंच नसतं. दिसल्या तर तो परक्या समजून मारील. म्हणून माजघराचं दार बंद. पण ओसरीवरची पेशी आत जाणार कशी? दार उघडलं तर पहारेकरीही घुसेल. दाया काय करतात, तर निघालेल्या पेशीच्या पाठीमागे आधी नवं दार बांधून घट्ट लावतात, आणि ते लागल्यावरच तिच्या पुढचं जुनं दार सोडतात. थोडा वेळ ती पेशी दोन बंद दारांच्या मधे असते. घर एका क्षणासाठीही उघडं पडत नाही. हे मी तीसेक वर्षं शिकवलं आणि प्रत्येक वेळी बोलता बोलता माझा आवाज खाली आला.

आणखी एक गोष्ट साध्या सूक्ष्मदर्शकात नीट कळत नाही, ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने 1950 च्या दशकात उघड केली. एका बी-पेशीपासून झालेली भावंडं विभाजनानंतर पूर्ण तुटत नाहीत. मधे बारीक पूल राहतात. अर्ध्या भावंडांकडे एक्स गुणसूत्र येतं, अर्ध्यांकडे वाय. वायवाल्याकडे एक्सवरचं सामान नसतं. ते पुलावरून भावाकडून येतं. कुशीतून सुटण्याच्या शेवटच्या घडीला पूल तुटतात आणि मग प्रत्येक जण एकटा. डोक्यात आवळून बांधलेली गुणसूत्रं, मानेखाली गुंडाळलेली ऊर्जेची थोडी शिदोरी आणि शेपूट, बस्स. उरुळी कांचनला बायफ या संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते तेव्हा वळूच्या ताज्या वीर्याचा थेंब कोमट काचेवर पाहिला. कमी शक्तीच्या भिंगाखाली एकेक शुक्राणू दिसत नव्हताच. दिसत होती ती लाट, ज्येष्ठात ढग भरून येताना आभाळ फिरतं तशी.

आता नलिकांच्या बाहेरची गोष्ट. गोल नलिका एकमेकींना टेकल्या की मधे तिकोनी जागा उरते. तिथे रक्तवाहिन्यांना धरून गुलाबी, चरबीचे थेंब भरलेल्या पेशींची चार-पाच घरं असतात. 1850 मध्ये फ्रान्झ लायडिगने त्यांची नोंद केली, काम काय ते माहीत नसताना. त्याच्या आदल्याच वर्षी ग्यॉटिंगेनमध्ये बेर्टोल्डने कोंबड्यांचे वृषण काढून पोटात दुसरीकडे लावले होते. मज्जातंतू तुटलेले, तरी तुरा वाढला, बांग फुटली. म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी मिसळत होतं. ही दोन टोकं जुळायला पन्नास वर्षं गेली. 1903 मध्ये बॉइन आणि त्यांचे सहकारी आंसेल यांनी दाखवलं की नलिकेतल्या बी-पेशी नाहीशा झाल्या आणि मधल्या पेशी शाबूत राहिल्या, तर नराचं नरपण शाबूत राहतं. वृषण पोटातच अडकलेल्या घोड्यात हेच होतं. शरीराच्या आतली ऊब बी-पेशींना सोसत नाही, त्यांना दोन-चार अंश गारवा लागतो. म्हणून तर हे घर अंगाबाहेर टांगलेलं. असा घोडा वांझ असतो, पण माज पुरेपूर. मधल्या पेशींतून काय पाझरतं ते 1935 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला हाती आलं. शंभर किलो वळूंच्या वृषणांतून दहा मिलिग्रॅम. टेस्टोस्टेरॉन.

एका छपराखाली दोन बिऱ्हाडं आहेत, एवढंच मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. आवाज, मिशी, खांदे, वशिंड, हे बाहेरच्या बिऱ्हाडाचं. लेकरं आतल्या बिऱ्हाडाची. आतल्याला बाहेरच्याचं देणं लागतं, टेस्टोस्टेरॉन नसेल तर दाया काम थांबवतात. पण बाहेरचं आतल्यावर अवलंबून नाही. आमच्याकडे मात्र दोन्हींचा शब्द एक, मर्दानगी. खोंडाला खच्ची करताना दोन्ही बिऱ्हाडं एकदम उठवतात, त्यावरूनच बहुधा आपण शिकलो असू. हल्ली व्यायामशाळेतली पोरं पिळदार दंडासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. बाहेरून आलेलं पाहून मेंदूखालची ग्रंथी वृषणाला निरोप धाडायचं बंद करते. दंड फुगतात आणि आतलं माजघर ओस पडत जातं. ही पोरं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची आहेत. त्यांना हात धरून सूक्ष्मदर्शकाशी बसवावं असं वाटतं.

1986 च्या मे महिन्यात आमचे नाना अचानक प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. नाना म्हणजे माझे धाकटे काका. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावातले नावाजलेले पैलवान, आवाज असा की ओढ्यापलीकडचा गडी काम टाकून यायचा. लग्नाला चौदा वर्षं झालेली, मूल नाही. त्या चौदा वर्षांत काकीने किती दवाखाने केले, किती नवस, किती सोमवार, ते मी पाहिलं होतं. डोहाळजेवणात ओटी भरायला तिला कुणी पुढे बोलवत नसे आणि ती स्वतःच चुलीपुढे काम काढून बसे. नानांना तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. एवढा पैलवान माणूस! शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांनी हट्ट धरला. आधी वीर्य तपासलं, मग चिमूटभर तुकडा काढला.

नानांनी कोपरीच्या खिशातून रुमाल काढला. रुमालात वर्तमानपत्राची घडी, घडीत काचपट्टी.

"डॉक्टरनं सांगितलं काय ते. पर मला बघायचंय. तू काचंतलं बघतीस नव्हं?"

मी आधी बोकडाची स्लाइड लावली. नानांना एक डोळा मिटून बघता येईना, हाताने डोळा झाकून बघत राहिले. मी बी-पेशी सांगितल्या, मोठ्या पेशी, शेपट्या. मग त्यांची काच लावली. आधी मी पाहिली. नलिका होत्या, नीट गोल, थोड्या अरुंद. आत एकाच जातीची केंद्रकं, फिकट, ठसठशीत ठिपक्याची. फक्त दाया. कडेपासून मध्यापर्यंत उभ्या, शेंडे पोकळीकडे वाऱ्याने कलावेत तसे किंचित कललेले, आणि कुशीत कुणी नाही. अर्जेंटिनात देल कास्तिल्यो आणि सहकाऱ्यांनी 1947 मध्ये या अवस्थेचं वर्णन केलेलं मी वाचलं होतं. पाहत पहिल्यांदाच होते.

नाना बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "ह्यात गर्दी न्हाई."

"नाही, नाना."

"म्हंजे मी बाप्या न्हाई व्हय गं?"

मी काच सरकवून दोन नलिकांच्या मधला तिकोन समोर आणला. गुलाबी पेशींची भरगच्च वस्ती होती तिथे. म्हटलं, "हे बघा. तुमचा आवाज, तुमची मिशी, तुमच्या कुस्त्या, सगळं इथून. इथं काही कमी नाही. मूल दुसऱ्या घरात होतं. ते घर पहिल्यापासून रिकामं असणार. ह्यात ना तुमचा दोष, ना..."

पुढचं नाव मी घेतलं नाही. त्यांनीच घेतलं. काकीचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग त्याच रुमालाने त्यांनी सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसलं, डोळ्यांचं पाणी तिथे लागलं होतं.

त्या रविवारी त्यांनी ओसरीवर भावांना, भावजयांना आणि आजीला बसवून सगळं सांगितल्याचं आईकडून कळलं. आजी तीन दिवस जेवली नाही म्हणे. चौथ्या दिवशी तिने काकीला स्वतःच्या ताटाशेजारी बसवून घेतलं.

दिवाळीनंतर काकी माझ्याकडे आली. काच नानांनी माझ्याकडेच ठेवली होती. तिने बघायला मागितली. तिला सांगावं लागलं नाही, शिवणकामाची नजर तिची. तिने चक्राला हात न लावता मान किंचित वर-खाली करून स्पष्ट जागा शोधली.

"ह्या कोन उभ्या?"

"सांभाळणाऱ्या."

"आन् सांभाळायला?"

"कुणी नाही."

"मग दिसभर करत्यात काय?"

"पाणी सोडतात थोडं. दार लावून धरतात."

काकी हसली नाही, रडली नाही. डोळा न काढता एवढंच म्हणाली, "जरा ऱ्हाऊ दे अशीच," आणि मी दिवा बंद करायला नेलेला हात मागे घेतला.

ती काचपट्टी अजून माझ्या पेटीत आहे. परवा काढून पाहिली. कडेचा डिंक पिवळा पडलाय. इओसिन उडालंय, त्यामुळे गुलाबी सगळं गेलं, तिकोनातली वस्ती शोधूनही सापडेना. हिमॅटॉक्झिलिन मात्र टिकलंय. नलिकांच्या कडेने निळी केंद्रकं, मधोमध ठिपका, ओळीने.